फुलपाखरांच्या घरी पाहुणे जाताना

मैत्रिणींनो, सुट्टीत गावाला निघायचं म्हणजे आपली काय धांदल उडते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गॅस नीट बंद केला का, दूधवाल्याला सांगितलं का, तुळशीला पाणी कोण घालणार... गाडीत बसेपर्यंत निम्मा जीव दमलेला असतो. २०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळुरूला वन्संकडे निघालो, तेव्हाही हेच झालं. फरक एवढाच, की या वेळी चकली-चिवड्याच्या डब्यांशेजारी टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू होती. माझा कॅमेरा!

‘माझा’ म्हणताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं होतं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. पगार तो केवढा! त्यातूनच दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून दोन वर्षांनी मी एक वापरलेला कॅमेरा आणि जरा लांबून टिपणारी लेन्स घेतली. “फोन आहे की हातात, मग हे धूड कशाला?” असं ह्यांनी एकदाच विचारलं. सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. पण न विचारण्यातही किती विचारलेलं असतं, हे तुम्ही जाणताच! तेव्हा या कॅमेऱ्यातून काहीतरी चांगलं निघालंच पाहिजे, असं माझ्या मनाने घेतलं होतं. पुढे जे घडलं त्याचं मूळ या हट्टात आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकते.

बाळंतिणीची खोली आणि खाणावळ

वन्संनी आमच्यासाठी बेत आखून ठेवला होता. एक दिवस लालबाग, एक दिवस म्हैसूर आणि एक दिवस बन्नेरघट्टा. बन्नेरघट्टाचं जैविक उद्यान बंगळुरूच्या दक्षिणेला, शहरापासून साधारण वीस-बावीस किलोमीटरवर आहे. बहुतेक लोक तिथे वाघ-सिंह पाहायला जातात. पण त्याच आवारात २००६ च्या नोव्हेंबर महिन्यात फुलपाखरांसाठी एक वेगळी बाग सुरू झाली. अशा तऱ्हेची ही आपल्या देशातली पहिलीच बाग. साडेसात एकरांची जागा, मध्ये दहा हजार चौरस फुटांचा मोठा गोल घुमट, वर उजेड आत येऊ देणारं पॉलिकार्बोनेटचं छप्पर, आत एक कृत्रिम धबधबा आणि चहूकडे फुलझाडं. कर्नाटकचं प्राणिसंग्रहालय प्राधिकरण, कृषी विद्यापीठ आणि ‘एट्री’ ही संशोधन संस्था अशा तिघांच्या सहकार्याने ही बाग उभी राहिली आहे.

आत पाऊल टाकलं आणि श्रावणातल्या कोकणात आल्यासारखं वाटलं. हवा उबदार आणि दमट. माझ्या चष्म्यावर तर लगेच वाफ धरली. ही ऊब उगीच ठेवलेली नसते बरं का! आपल्यासारखी अंगची ऊब फुलपाखराला नसते. उडायचं तर आधी त्याचे स्नायू तापावे लागतात. म्हणून तर सकाळी सकाळी फुलपाखरं पंख पसरून उन्हात बसलेली दिसतात. आपण हिवाळ्यात अंगणात पाठ शेकत बसतो ना, तसंच.

अशा बागेत दोन प्रकारची झाडं लावावी लागतात. एक प्रकार मधाच्या फुलांचा: एक्झोरा, पेंटास, घाणेरी, झिनिया वगैरे. ही मोठ्या फुलपाखरांची खाणावळ. दुसरी झाडं अळ्यांसाठी, आणि इथे फार चोखंदळपणा असतो. प्रत्येक जातीची मादी आपली अंडी ठरावीक झाडावरच घालते, कारण तिच्या अळ्या दुसरं काही तोंडात घेतच नाहीत. ‘प्लेन टायगर’ला रुईची पानं लागतात, ‘टेल्ड जे’ला हिरवा अशोक, ‘रेड पिएरो’ला पानफुटी, ‘क्रिमझन रोझ’ला ईश्वरीचा वेल, आणि ‘कॉमन मॉर्मन’ला चक्क आपला कढीपत्ता नाहीतर लिंबू! ही झाडं म्हणजे फुलपाखरांची बाळंतिणीची खोली. नुसती खाणावळ उघडली तर पाहुणे येऊन जेवून जातील, राहायचे नाहीत. ते राहावेत असं वाटत असेल तर बाळंतपणाची सोय केली पाहिजे. बागेचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे.

पहिल्या दिवशीची फजिती

आम्ही गेलो तो सोमवार होता. मी कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दिसेल त्या फुलपाखरामागे धावत सुटले. डावीकडे निळं दिसलं की डावीकडे, उजवीकडे पिवळं दिसलं की उजवीकडे. मंडईत पहिल्याच गाळ्यावर भाजी न घेता सगळीकडे हिंडून शेवटी रिकामी पिशवी घेऊन घरी यावं, तशी माझी गत झाली. पाऊण तासात शंभराच्या वर फोटो काढले. त्यांत काय होतं म्हणाल? रिकामी फुलं, हलणारी पानं, एक धूसर पंख, एका बाईंचं कोपर आणि आमच्या ह्यांची पाठ!

एव्हाना मुलांना भूक लागली होती. वन्सं घड्याळाकडे पाहत होत्या, कारण वाघ-सिंहांच्या सफारीची वेळ होत आली होती. “झालं का?” असं ह्यांचं तिसऱ्यांदा विचारून झालं. अगदी त्याच वेळी पायवाटेच्या कडेला, एक्झोराच्या बुटक्या झुडपावर एक मोठं काळं फुलपाखरू येऊन बसलं. मागच्या पंखांवर पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी. मी कॅमेरा उचलला की ते पंख फडफडवी. पुन्हा स्थिर होई, मी बटण दाबायला जावं तर पुन्हा फडफड. माझा आठ वर्षांचा मुलगा शेजारीच उभा होता. मी वैतागून म्हटलं, “अरे, धर ना जरा त्याला! एकच सेकंद. पंख हळूच चिमटीत धर, मी फोटो काढते.”

आत शिरताना दारावर पाटी होती, हात लावू नये म्हणून. ती मी वाचली होती. एवढंच नव्हे, मुलांनाही मोठ्याने वाचून दाखवली होती.

मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं. आईच सांगते आहे म्हटल्यावर त्याने धरलं. फुलपाखरू चिमटीत जिवाच्या आकांताने धडपडलं, तो घाबरला, त्याने बोटं आणखी आवळली, आणि मग एकदम सोडून दिलं. मागच्या पंखाचा तुकडा त्याच्या बोटांना चिकटून राहिला. ते खाली फरशीवर पडलं आणि एका अंगावर गोल गोल फिरू लागलं.

तिथे देखरेखीला एक बाई होत्या. त्या आमच्यावर ओरडतील, दंड करतील, असं मला वाटलं. खरं सांगते, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एक पान घेतलं, फुलपाखराच्या पायांखाली अलगद सरकवलं, ते पानावर चढल्यावर त्याला उचलून फुलांच्या गुच्छावर ठेवलं. मग माझ्याकडे वळून मोडक्यातोडक्या हिंदीत एवढंच म्हणाल्या, “अम्मा, इसका पूरा जिंदगी पंधरा-बीस दिन का है.”

मुलगा आपल्या बोटांवरची काळी भुकटी पाहत होता. तो रडायलाच लागला. वन्संनी “काय रे केलंस?” म्हणून विचारलं, तर हुंदके देत म्हणाला, “आईनेच सांगितलं धर म्हणून.”

मी दहा वर्षं शाळेत शिकवते आहे. अंडं, अळी, कोश, फुलपाखरू ही चार चित्रं फळ्यावर किती वेळा काढली असतील त्याची गणती नाही. “प्राणिमात्रांवर दया करा” असा सुविचारही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिला असेल. आणि माझ्या स्वतःच्या मुलाच्या हातून मी काय करवलं? तेही कशासाठी, तर घरी दाखवायला एक फोटो हवा म्हणून. तो फोटो, बरं का, आलेला आहे. बटण दाबलं गेलं होतं. त्यात माझ्या मुलाची बोटं अगदी स्पष्ट दिसतात.

ती भुकटी म्हणजे काय

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी वन्संच्या भाचीकडून फुलपाखरांवरचं पुस्तक मागून घेतलं आणि वाचत बसले. बोटांना लागते ती भुकटी म्हणजे फुलपाखराच्या पंखांवरचे बारीक बारीक खवले. आपल्याकडे घरावर मंगलोरी कौलं असतात ना, एकावर एक सरकवलेली, अगदी तसे ते पंखावर रचलेले असतात. पंख मुळात पारदर्शक असतो. रंग, नक्षी, सगळी शोभा त्या खवल्यांची. एकदा ते झडले की पुन्हा उगवत नाहीत. पंख फाटला तर तोही सांधत नाही. अळी असताना जी काय वाढ व्हायची ती होऊन जाते. पंख फुटल्यावर जे अंगावर आहे, तेच शेवटपर्यंत पुरवायचं असतं. आणि तो शेवटही पुष्कळ जातींत दोन-चार आठवड्यांतच येतो.

आणखी एक गोष्ट कळली, तिने तर मला झोप लागू दिली नाही. आम्ही पाहिलं ती ‘कॉमन मॉर्मन’ची मादी होती. या जातीचा नर साधा, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेला. त्याच्याच जातीच्या काही माद्या मात्र ‘कॉमन रोझ’ नाहीतर ‘क्रिमझन रोझ’ या लाल-काळ्या फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. रोझ जातीच्या अळ्या ईश्वरीची विषारी पानं खातात आणि ते विष मोठेपणीही अंगात राहतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉर्मनच्या अंगात विष नाही, तिने फक्त वेष घेतलेला. ओळखायची खूण एकच: खऱ्या रोझचं शरीर लाल असतं, मॉर्मनचं काळं. पक्ष्यांच्या चोचीपासून वाचायला तिने एवढं सोंग आणलं, पण माणसाच्या चिमटीपुढे ते काय कामाचं!

दुसरी खेप

मंगळवारी उद्यान बंद असतं. बुधवारी सगळे म्हैसूरला निघणार होते. सकाळी चहा घेताना हे अचानक म्हणाले, “तू नको येऊस म्हैसूरला. तुझं काहीतरी राहिलंय तिकडे. पोरांना मी बघतो.” मैत्रिणींनो, लग्नाला बारा वर्षं झाली; पण सुट्टीत एक अख्खा दिवस एकटीने कुठे जाण्याची ही माझी पहिलीच वेळ!

या खेपेला मी धावले नाही. घुमटात गेले आणि पेंटासच्या ताटव्यासमोर कठड्यावर बसून राहिले. पहिला अर्धा तास कॅमेऱ्याला हातच लावला नाही. नुसतं पाहिलं. आणि हळूहळू ध्यानात येऊ लागलं, की सैरावैरा उडणाऱ्या या जीवांचाही दिनक्रम असतो. ‘टेल्ड जे’ फुलावर टेकलं तरी पंख फडफडवतच मध पितं. त्याच्या नादी लागण्यात अर्थ नाही. ‘कॉमन क्रो’ सावकाश, एखाद्या पोक्त बाईसारखं, एकाच गुच्छावर मिनिटभर बसतं. ‘ब्लू टायगर’ वाळलेल्या खुळखुळ्याच्या झाडाला चिकटून बसली की उठत नाहीत. तिथला रस त्यांच्या नरांना माद्यांना रिझवण्यासाठी लागतो. एक मादी प्रत्येक पानावर पुढच्या पायांनी टकटक करून पाहत होती. फुलपाखरांना पायांनी चव कळते. हे पान बाळांना चालेल का, याची ती परीक्षा घेत होती. आपण नाही का भेंडी मोडून पाहत, तसं!

आणि फुलपाखरू उडून गेलं तरी बहुधा फिरून त्याच ताटव्यावर येतं. म्हणजे त्याच्यामागे जाण्याची गरजच नाही. आपण फूल धरून बसायचं. पाहुणा आपोआप येतो.

त्या दिवशी अडीच तासांत मी चाळीसच फोटो काढले. त्यांतले सात-आठ चांगले आले. एवढ्यात मी जे शिकले ते तुमच्या उपयोगी पडावं म्हणून खाली देते.

एवढं लक्षात ठेवा

१. शक्यतो बाग उघडता उघडताच जा. गर्दी कमी असते आणि फुलपाखरं अजून ऊन खात बसलेली असतात. दुपारी ती फार चपळ होतात.

२. थंड हवेच्या गाडीतून थेट दमट घुमटात शिरलात तर लेन्सवर वाफ धरते. ती सारखी पुसू नका. कॅमेरा आधीच पिशवीबाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं त्याला हवा लागू द्या, वाफ आपोआप जाते. लेन्ससाठी मऊ सुती फडकं जवळ ठेवा. साडीचा पदर वापरू नका, ओरखडे पडतात.

३. पदर, ओढणी नीट खोचून घ्या. लोंबतं कापड फांदीला लागलं की झुडपावरची सगळी फुलपाखरं एकदम उठतात.

४. तुमची सावली फुलपाखरावर पडू देऊ नका. पक्षी आला असं वाटून ते लगेच उडतं. पुढे सरकायचं तर अगदी हळू, वाकून, खालच्या बाजूने सरका. त्याच्या डोळ्यांना रंगरूपापेक्षा हालचाल आधी दिसते.

५. फुलपाखराने पंख मिटले असतील तर बाजूने आणि उघडले असतील तर वरून फोटो घ्या. पंखांची पातळी आणि कॅमेऱ्याची पाठ समांतर ठेवली, की दोन्ही टोकं स्पष्ट येतात. तिरकस घेतलात तर एक पंख धूसर होतो. दोन्ही साधत नसेल तर निदान डोळा स्पष्ट आला पाहिजे. माणसाच्या फोटोत डोळे मिटलेले चालत नाहीत ना, तसंच हे.

६. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाचा पाचशेवा भाग किंवा त्याहून जास्त ठेवा. अॅपर्चर आठच्या आसपास ठेवलं तर पंखाची जाडी-खोली सांभाळली जाते. लांबची लेन्स असेल तर तीन-चार फुटांवरून काम भागतं. अंगावर जावं लागत नाही.

७. फोनवरही सुरेख फोटो येतात. फक्त पडद्यावर बोटांनी चित्र ताणून मोठं करू नका, ते फाटल्यासारखं दिसतं. पूर्ण चित्र घ्या, नको तो भाग नंतर कापा. फ्लॅश बंद ठेवा.

८. मागे काय आहे ते पाहा. फुलपाखरामागे लाल कपड्यातला माणूस उभा असेल तर पाऊलभर बाजूला व्हा. मागे नुसता हिरवा गर्द अंधार आला की फुलपाखरू दागिन्यासारखं उठून दिसतं.

९. पायाखाली पाहून चाला. ओल्या फरशीवरचे क्षार शोषायला फुलपाखरं, विशेषतः नर, खाली उतरतात. याला जाणकार चिखलपान म्हणतात.

१०. आणि हात लावायचा नाही. आपण नाही, मुलांनी नाही, “एकच सेकंद” म्हणूनही नाही. काही लोक फुलपाखरू हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात ठेवून गारठवतात आणि मग फोटो काढतात, असंही मी ऐकलं आहे. तसला फोटो कितीही देखणा असो, तो गारठलेल्या जिवाचा फोटो असतो.

“ही तीच का?”

दुपारी निघण्याआधी मला एक मॉर्मनची मादी दिसली. एका बाजूचा मागचा पंख कडेला फाटलेला. रंगही विटलेला, जुन्या नऊवारीसारखा. पण मध पिण्यात इतकी दंग, की मी चार फुटांवर बसले तरी हलली नाही. नळीसारखी सोंड उलगडून एका फुलातून दुसऱ्या फुलात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मी तिचे तीन फोटो घेतले. माझ्या सगळ्या फोटोंत तो एक मला सगळ्यांत जवळचा आहे.

संध्याकाळी मंडळी म्हैसूरहून परतली. मुलाने कॅमेऱ्याचा पडदा हातात घेतला, एक एक फोटो पाहत आला आणि त्या फोटोपाशी थांबला. “आई, ही तीच का गं?”

‘हो’ म्हटलं असतं तर त्याचा जीव किती हलका झाला असता! माझाही झाला असता. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण त्या घुमटात फाटक्या पंखांची फुलपाखरं पुष्कळ असतात. काहींचे पंख फांद्यांना घासून फाटतात, काहींचे नुसते वयाने. मी म्हटलं, “मला माहीत नाही, राजा. असेलही, नसेलही. पण त्या दिवशी चूक तुझी नव्हती, माझी होती. मी तुला तसं सांगायला नको होतं.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, “फाटलं तरी उडता येतं वाटतं.” आणि पुढचा फोटो पाहू लागला.

परसातला कढीपत्ता

हा लेख इथेच संपला असता. पण खरी गंमत पुढच्या वर्षी, २०२४ च्या श्रावणात, सांगलीला आमच्या परसात घडली.

आमच्या परसात कढीपत्त्याचं झाड आहे. दर पावसाळ्यात त्याची पानं कुरतडलेली दिसायची. मी अळ्या वेचून रस्त्यावर टाकायची, कधी औषधही फवारायची. त्या वर्षी फवारायला गेले आणि हात थांबला. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा एक पांढरट-तपकिरी ठिपका होता, आणि तो चालत होता! मॉर्मनची लहान अळी अशीच दिसते. पक्ष्याला वाटावं, ही कसली घाण, आणि त्याने पुढे जावं. मी मुलाला हाक मारली.

मग काय, रोज शाळेतून आला की दप्तर टाकून आधी परसात. अळीने कात टाकली, हिरवीगार झाली. एक दिवस त्याने काडीने पान हलवलं, तर तिने डोक्यामागून लाल दुभंगी शिंग बाहेर काढलं आणि असा उग्र वास सुटला, की तो नाक धरून धावतच घरात आला. त्यानंतर काडीही बंद.

सासूबाईंचं म्हणणं, “कढीपत्ता आमटीत घालायचा की किड्यांना?” त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी मी एक नवं रोप आणून कुंडीत लावलं. जुनं झाड अळ्यांचं, कुंडीतलं आमटीचं, अशी वाटणी झाली. तुमच्याकडे नुसती गॅलरी असेल तरी हे जमण्यासारखं आहे. एका कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू, एकीत पानफुटी, दोन कुंड्यांत पेंटास, झिनिया, सदाफुली अशी फुलं, आणि मातीच्या परळात थोडी ओली माती. सकाळचं ऊन हवं. फवारणी मात्र अजिबात नको. आपल्या महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारं आपलंच राज्य देशात पहिलं. तेही याच कुळातलं आणि त्याच्या अळ्यांनाही लिंबाच्या जातीचीच पानं लागतात. ठाण्याच्या बाजूला कोणी राहत असाल तर घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी पाहून या. छप्पर नाही, जाळी नाही, नुसती योग्य झाडं लावली म्हणून फुलपाखरं येतात.

आमच्या अळीने फांदीला रेशमाच्या एका दोऱ्याने स्वतःला बांधून घेतलं आणि कोश केला. आपण पाळण्यातल्या बाळाला बांधतो तसा. बाराव्या दिवशी कोश काळपट झाला, आतले पंख बाहेरून दिसू लागले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी चहाच्या वेळी मुलाने हाक मारली. मी कॅमेरा घेऊन धावले. पाठोपाठ हे आणि, आश्चर्य म्हणजे, गुडघे धरत धरत सासूबाईही!

कोश फुटला होता. ओल्या कागदाच्या बोळ्यासारखे पंख घेऊन एक काळं फुलपाखरू फांदीला लोंबत होतं. बघता बघता पंखांच्या शिरांत रस भरला गेला आणि ते उलगडत गेले. मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ: नर होता. पंख वाळायला तासाच्या वर लागला. तोवर सगळे उभे. सासूबाईंनी तर मोडाही मागवून घेतला.

“वहिनी, फोटो चांगला आला का?” वन्संनी फोनवर विचारलं. चांगला आला आहे. फुलपाखरू स्पष्ट आहे, मागे गर्द हिरवं आहे, सगळं नियमाप्रमाणे. पण मी आणखी एक फोटो काढला, तो वन्संना पाठवला नाही, माझ्याजवळच ठेवला. त्यात फुलपाखरू कोपऱ्यात, जरा धूसरच आहे. स्पष्ट आहे तो माझा मुलगा. फांदीपासून वीतभर अंतरावर, श्वास रोखून उभा. आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधलेले. ते हात तसे ठेवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.